एक्स-रेच्या कोर्सला जाताय? आधी विचारा, पोस्टिंग कुठे असेल

दोन महिन्यांपूर्वीच्या अंकात मी क्ष-किरण तंत्रज्ञाच्या कामाविषयी लिहिलं होतं. सरकारी रुग्णालयात तेहतीस वर्षं एक्स-रे काढले आणि आता निवृत्तीनंतर मुलांना शिकवते, त्या अनुभवावरचा तो लेख होता. त्यावर बारावी झालेल्या मुलामुलींची आणि पालकांची बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेते. नावं छापत नाही.

मला बारावी सायन्सला ६१ टक्के आहेत. नीटमध्ये मार्क कमी पडले. आमच्या तालुक्याच्या गावात एक संस्था आहे, ती एका वर्षात एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा देते आणि १०० टक्के नोकरीची हमी देते. फी ८५ हजार. वडील पैसे भरायला तयार आहेत. प्रवेश घेऊ का? (विद्यार्थिनी, जि. कोल्हापूर)

बाळा, वडिलांना म्हणावं आठ दिवस थांबा. पैसे एकदा भरले की परत मिळवताना चपला झिजतात.

त्या संस्थेत जा आणि एकच प्रश्न विचार: ‘आमचं पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात असेल?’ पोस्टिंग म्हणजे शिकत असताना रुग्णालयात खऱ्या रुग्णांवर करायचं काम. उत्तर गोलमोल आलं, ‘टायअप आहे’, ‘शेवटच्या दोन महिन्यांत पाठवतो’ असं काही ऐकलंस, तर तिथून उठ. रुग्णालयाचं नाव सांगितलं तर त्याच दिवशी तिथल्या एक्स-रे विभागात जा. तिथल्या तंत्रज्ञाला विचार की या संस्थेची मुलं खरंच येतात का, किती येतात, मशीनला हात लावू देता का. आमच्या कामातली माणसं याची उत्तरं सरळ देतात.

मी यावर एवढी अडून का बसते, ते सांगते. पुस्तकात छातीच्या एक्स-रेचं एक पान असतं. रुग्णाची छाती कॅसेटला, म्हणजे फिल्मच्या सपाट पेटीला, टेकवा, हनुवटी वर, हातांची पाठ कमरेवर आणि कोपरं पुढे. किरण सोडणारी ट्यूब १८० सेंटिमीटरवर, म्हणजे हृदयाची सावली उगाच मोठी दिसत नाही. पूर्ण श्वास घ्यायला सांगा, धरायला सांगा, एक्सपोजर द्या, म्हणजे किरण सोडा. हे पान अर्ध्या तासात पाठ होतं. आता समोर सत्तर वर्षांचे आजोबा येतात, चार महिन्यांचा खोकला, ऐकू कमी येतं, आणि मशीन पाहूनच खांदे आखडलेले. तुम्ही ‘श्वास घ्या’ म्हणता, ते घेतात आणि लगेच सोडतात. तुम्ही ‘धरा’ म्हणता, ते स्टँड धरतात. मग तुम्हाला त्यांच्या समोर जाऊन स्वतः छाती फुगवून दाखवावी लागते, एकदा सराव करून घ्यावा लागतो, कोपरं आपल्या हाताने अलगद पुढे न्यावी लागतात. कोपरं पुढे गेली नाहीत तर खांद्यांची पाती फुप्फुसावर येतात आणि वरच्या कोपऱ्यातला टीबीचा डाग त्याखाली दडतो. श्वास अर्धवट राहिला तर पाठीमागच्या नऊ-दहा बरगड्या दिसायच्या तिथे सातच दिसतात आणि निरोगी फुप्फुसाचा खालचा भाग डॉक्टरांना आजारी वाटतो. हे शंभर आजोबांना उभं केल्याशिवाय येत नाही. आपल्या वर्गातल्या सशक्त मैत्रिणीला स्टँडपुढे उभं करून केलेलं प्रात्यक्षिक इथे उपयोगी पडत नाही.

मी शिकत होते तेव्हाची एक चूक अजून डोळ्यांपुढे आहे. १९८९ सालची गोष्ट, अंधाऱ्या खोलीत फिल्म रसायनांत धुवायचे, त्या डार्करूमचे दिवस होते. कॅसेटवर उजव्या-डाव्याचं शिशाचं अक्षर ठेवायचं असतं, ते मी एका पायाच्या फिल्मवर ठेवायला विसरले. फिल्म डेव्हलपरमधून फिक्सरमध्ये गेली, धुतली, वाळली, आणि हाडांच्या डॉक्टरांनी ती लाइटवर धरून विचारलं, ‘हा पाय कुठला?’ मला सांगता येईना. रुग्ण एसटी स्टँडवर पोचला होता. आमच्या शिपायाने सायकलवर जाऊन त्याला परत आणलं, पुन्हा फिल्म काढली, म्हणजे त्या माणसाला माझ्यापायी दुप्पट किरण लागले आणि त्याची गाडीही गेली. त्या दिवसापासून हात आधी अक्षराकडे जातो. ही सवय रांग लागलेल्या विभागातच अंगात मुरते.

आता तुझ्या एका वर्षाच्या डिप्लोमाविषयी. २०२१ साली केंद्र सरकारने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ त्यात येतात. या कायद्यात पदविकेसाठी किमान दोन वर्षं आणि २,००० तास, तर पदवीसाठी किमान तीन वर्षं आणि ३,६०० तास शिक्षण अशी अट आहे. एका वर्षात डिप्लोमा देणाऱ्यांना या अटीपुढे बोट ठेवून विचार. सर्टिफिकेटवर कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव येणार, तेही लेखी माग. ‘१०० टक्के नोकरी’ कागदावर लिहून द्या म्हटलं की आवाज खाली येतो, हे मी पालकांबरोबर जाऊन पाहिलेलं आहे.

६१ टक्क्यांवर तुझे मार्ग बंद झालेले नाहीत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मग तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफीची शाखा असते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही जागा मिळाली तर डोळे झाकून घे, कारण तिथे रुग्णांची गर्दी आहे, आणि आमच्या शिक्षणात गर्दी हीच श्रीमंती. त्याखेरीज अभिमत विद्यापीठांत इमेजिंग टेक्नॉलॉजीचं बीएस्सी असतं. फी जास्त असते, पण मोठं रुग्णालय त्याच आवारात असेल तर विचार करण्याजोगं आहे. प्रवेशाची पद्धत आणि तारखा त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा, गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. आणि अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर, हे कागद निकालाची वाट न पाहता आजच काढायला टाक. माझ्याकडे आलेल्या दोन हुशार मुलींच्या जागा केवळ वैधतेचा कागद वेळेत न आल्याने गेल्या. आणखी एक: जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. तू निवडशील त्या कोर्सला ते लागू होतं का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात पहिल्याच भेटीत विचार.

मुलीला हे शिक्षण घ्यायचं आहे, पण घरातले सगळे घाबरवतात. किरणांमुळे पुढे मूलबाळ होत नाही, कॅन्सर होतो असं म्हणतात. आई म्हणून काय करू? (वाचक, बार्शी)

ताई, तुमची काळजी मला कळते. माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं. मला दोन मुलं आहेत, दोन्ही नोकरीत असतानाच झाली.

पण माझ्या मुलांचा दाखला पुरेसा नाही, कारण सुरक्षितता नशिबावर सोडायची गोष्ट नाही. किरण घातक असू शकतात हे खरं आहे. सुरुवातीच्या काळात, १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधल्यानंतर, लोकांनी उघड्या हातांनी काम केलं आणि त्यात हात आणि जीव गमावले. आजचे सगळे नियम त्यातून आले. आपल्याकडे ते मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेत. या क्षेत्रात काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेले किरण मोजायचं माप) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरण लागता कामा नयेत. तुलनेसाठी सांगते, माती, दगड, आकाश यांतून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. नीट चालवलेल्या एक्स-रे विभागात काम करणाऱ्याचा वर्षाचा आकडा मर्यादेच्या खूप खाली राहतो. माझ्या बॅजचे कागद मी जपून ठेवलेत, बहुतेक तिमाह्यांत नोंद शून्याच्या आसपास आहे.

हा बॅज म्हणजे टीएलडी बॅज, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, छातीवर लावायचा, किरण अडवणाऱ्या शिशाच्या अॅप्रनच्या आत. त्यात छोट्या चकत्या असतात, त्या शरीरावर पडलेल्या किरणांची आठवण धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि आकडा येतो. मुलीला प्रवेश देणाऱ्या संस्थेला विचारा: पोस्टिंगच्या मुलांना बॅज मिळतो का? ‘विद्यार्थ्यांना लागत नाही’ असं उत्तर आलं तर ती संस्था तुमच्या मुलीसाठी नाही.

बाकी सांभाळायच्या गोष्टी साध्या आहेत. एक्सपोजर देताना शिशाच्या काचेमागे किंवा भिंतीआड उभं राहायचं. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात, म्हणून वॉर्डात पोर्टेबल काढताना वायर असेल तेवढं लांब जायचं. लहान लेकराला धरायची वेळ आली तर धरणारा आई, बाप किंवा मामा असावा, अॅप्रन घालून. तंत्रज्ञाने धरायचं नाही, कारण आईला एकदाच धरायचं असतं, तंत्रज्ञ रोज धरत बसेल. अॅप्रन घडी करून ठेवायचा नाही, आतलं शिसं तडकतं, म्हणून दांडीवरच टांगायचा. आणि मुलगी पुढे गरोदर राहिली तर कळल्याबरोबर विभागप्रमुखांना लेखी कळवायचं. त्यानंतर बाळाच्या वाट्याला उरलेल्या महिन्यांत मिळून १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त येता कामा नये, असा नियम आहे, आणि त्या हिशोबाने कामाची जागा ठरवायची असते.

आमच्या विभागात एकाने एकदा बॅज लावलेला अॅप्रन आतल्या खोलीतच, टेबलाजवळ टांगून ठेवला आणि तो रजेवर गेला. आठवडाभर बॅज एकटाच किरण खात राहिला. तिमाहीचा आकडा एवढा आला की खुलाशाचं पत्र आलं, रक्ततपासणी झाली, त्याच्या बायकोने घरात रडून घेतलं. माणसाला काहीच झालं नव्हतं. पण तेव्हापासून संध्याकाळी बॅज नेमून दिलेल्या खिळ्यावर आहेत का, हे मी स्वतः मोजून मगच दिवे बंद करायचे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात म्हणून घरातले निश्चिंत होतात. तिथला धोका चुंबकाचा आहे, आणि ते चुंबक मशीन वापरात नसतानाही चालूच असतं. २०१८ साली मुंबईत एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्या खोलीच्या दारात उभं राहून ‘थांबा’ म्हणायचा अधिकार आणि जबाबदारी तंत्रज्ञाची असते. समोर कितीही मोठा माणूस असो, तुमच्या मुलीला तो शब्द उच्चारता आला पाहिजे.

मी नऊ वर्षं एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. डॉक्टरांनीच शिकवलं. बारावी आर्ट्स आहे, कोर्स केलेला नाही. आता दुसरीकडे नोकरी मागितली तर सर्टिफिकेट मागतात. अनुभव धरून थेट परीक्षा देता येईल का? (वाचक, वय ३१, जि. लातूर)

दादा, खोटी आशा दाखवत नाही. तुमच्या हाताला कसब असेल, पण अनुभवाच्या पत्रावर पदविका मिळत नाही. एक्स-रे मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो आता ‘ई-लोरा’ या ऑनलाइन पद्धतीने घेतात, आणि मशीन चालवणारा माणूस प्रशिक्षित असावा अशी त्यात अट असते. म्हणजे तुमचं आजचं काम तुमच्याइतकंच तुमच्या डॉक्टरांनाही अडचणीत आणू शकतं. ही गोष्ट त्यांच्याशी शांतपणे बोला. नऊ वर्षं विश्वासाने काम केलेल्या माणसाच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावावा, असं मला मनापासून वाटतं.

मार्ग लांबचा आहे: विज्ञान शाखेतून बारावी पुन्हा करायची, मग प्रवेश. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून नोकरी सांभाळून विज्ञान विषय देता येतात. मात्र ज्या कोर्सला जायचं आहे तिथे ते चालतात का, हे आधी लेखी विचारून घ्या. ‘घरबसल्या एक्स-रे डिप्लोमा’च्या जाहिरातींना भुलू नका. २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने, पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेल्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला बंदी केली आहे. वर्गात तुम्ही सगळ्यांत वयाने मोठे असाल. त्याची लाज बाळगू नका, माझ्या वर्गात असा एक जण होता आणि पोर्टेबल काढताना सगळी पोरं त्यालाच विचारायची.

आणि हे आजच करा. तुम्हाला बॅज आहे का? नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम ते. नऊ वर्षांत तुम्हाला किती किरण लागले याची कुठेही नोंद नाही, याने मला तुमचं पत्र वाचल्यापासून चैन नाही.

एक्स-रेबरोबर सोनोग्राफी शिकून स्वतःचं सेंटर टाकता येईल का? (वाचक, नाशिक)

नाही. आपल्या देशात सोनोग्राफी करण्याचा अधिकार पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक सेंटरची आणि मशीनची नोंदणी असते. महाराष्ट्राने तर १९८८ सालीच, सगळ्यांच्या आधी, असा कायदा केला होता. मुली वाचाव्यात म्हणून तो आहे. कोणी ‘सोनोग्राफी टेक्निशियन’चा कोर्स विकत असेल तर लांब राहा. पुढे वाढायचं असेल तर सीटी, एमआरआय, कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी होते ती खोली), किंवा कॅन्सरची रेडिओथेरपी हे रस्ते मोकळे आहेत. सरकारी भरतीत ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ या नावाची पदं निघतात, जाहिरातीतली शैक्षणिक अट शब्द न् शब्द वाचा.

मला रक्त पाहिलं की गरगरतं. अपघाताचे रुग्ण येतात म्हणून भीती वाटते. हे काम मला जमेल का? (विद्यार्थी, सातारा)

बेटा, हायवेवरच्या गाड्यांचे अपघात मी शेकड्यांनी पाहिले, आणि पहिल्या रात्री माझेही पाय थरथरले होते. हळूहळू नजर ठरावीक जागी जायला शिकते: मान हलवायची नाही, खुब्याचं हाड मोडलेल्या आजीचा पाय वळवायचा नाही, टेबलावरून उचलताना चादर चार जणांनी धरायची. हाताला काम असलं की डोकं गरगरत नाही.

एक रात्र सांगते. साडेदहाच्या सुमारास तीन वर्षांचं पोरगं आलं, एक रुपयाचं नाणं गिळलेलं. लाळ गळत होती, आई हमसून रडत होती. मी आधी आईला हळूच बाजूला घेऊन विचारलं, ‘पाळी चुकलीय का?’ ती नाही म्हणाली, मग तिला अॅप्रन चढवला आणि लेकराला धरायला लावलं. मानेपासून पोटापर्यंत एकच फिल्म घेतली, कारण नाणं कुठवर गेलंय ते कोणालाच माहीत नव्हतं. गळपट्टीच्या हाडामागे पांढरा गोल चक्क रुपयासारखा दिसला. मग पोराला कुशीवर करून दुसरी फिल्म, त्यात तोच रुपया एक बारीक उभी रेघ. समोरून गोल आणि बाजूने रेघ म्हणजे नाणं अन्ननलिकेत, श्वासनलिकेत नाही. डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगितलं आणि त्यांचा आवाज सैल झाल्याचं मला इकडे कळलं. दुर्बिणीने नाणं काढलं. सकाळी पोरगं कॉरिडॉरमध्ये बिस्किट खात होतं.

त्या रात्री माझ्या भीतीला बसायला जागाच नव्हती. तुझंही तसं होईल की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही, पण तुला स्वतःला कळू शकतं. फॉर्म भरण्याआधी एक दिवस सातारच्या सिव्हिलमध्ये जा. एक्स-रे विभागाबाहेरच्या बाकड्यावर दुपारपर्यंत बस. आत जाणाऱ्यांचे चेहरे पाहा, बाहेर येणाऱ्यांचे पाहा, आतला माणूस त्यांच्याशी कसं बोलतो ते ऐक. एखाद्या म्हातारीला उठताना हात द्यावासा वाटला तर दे. सकाळी नऊच्या आत पोच, नंतर बाकड्यावर जागा मिळत नाही.